वहीला लावलेलं कुलूप

प्रश्न : मुलाला बारावीला 84 टक्के आणि सीईटीला 93 पर्सेंटाइल आहेत. इंजिनीअरिंगला चांगलं कॉलेज मिळेल. पण कॉलेजच्या शिबिरातून जव्हारला जाऊन आल्यापासून त्याचं एकच चाललंय : तिथे दहा एकर जमीन घ्यायची, नैसर्गिक शेती उभी करायची आणि गरीब आदिवासींना काम द्यायचं. माझे वडील माण तालुक्यात शेतीच करायचे. विहीर आटली, बैल विकले, मी डोंबिवलीला आलो. मुलाला शिकवलं ते परत माती उकरायला नाही. त्याची योजनेची वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. तीन आठवडे घरात बोलणं नाही. वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवतोय. त्याला चार शब्द समजावून सांगा.
– एक वडील, डोंबिवली

सप्रेम नमस्कार.

गुणांची काळजी करण्यासारखं तुमच्या पत्रात काहीच नाही. मी अडकले ते कुलपापाशी. अठरा वर्षांच्या मुलाची वही काढून घेतलीत. ती योजना त्याच्या डोक्यातून गेली नाही, तो फक्त तुमच्याशी बोलेनासा झाला. स्पष्ट लिहिते, हे तुमचं चुकलं. वही आजच परत द्या.

पत्रातलं दुसरं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘विहीर आटली, बैल विकले, मी डोंबिवलीला आलो.’ एका ओळीत उरकलंत. बैल दावणीतून सोडून नेले तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात? त्या दिवशी तुमचे वडील काय बोलले? हे मुलाला कधी सांगितलंयत का? माझा अंदाज, नाही. त्याला तुमचा नकार तेवढा ऐकू येतोय, त्यामागची भीती त्याला ठाऊकच नाही. तुमची भीती खोटी नाही. पाण्याविना घर उठताना तुम्ही पाहिलंय. पण ‘माती उकरणं’ हा शब्द तुमच्या वडिलांच्या कष्टांनाही लागतो, तो परत वापरू नका.

आता त्याची चूक. ती त्या फोटोतच आहे. कुंपण, बोअरवेल, ठिबक, शेड आणि खाली ‘मजूर 15, रोज 300 रुपये’. पंधरा माणसं, त्यांतल्या एकाचंही नाव नाही. बाहेरच्या माणसानं जमीन घेऊन शेत उभं केलं की गावाची गरिबी हटते, हा समज फार जणांचा आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी कुटुंबांकडे स्वतःची जमीन आहे. डोंगरउताराची, थोडी, पण आहे. पावसाळ्यात त्यावर भात, नाचणी, वरई होते. पाऊस तिथे धो-धो कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. त्याआधी, दिवाळी झाली की, घरंच्या घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. अशा ठिकाणी तुमचा मुलगा बोअर मारणार. शेजारच्या पाड्याची विहीर त्यानं आटली तर? शिवाय, जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, भाडेपट्ट्यानंही नाही. हा कायदा अडथळा म्हणून केलेला नाही. जमीन हातची गेली की माणूस आपल्याच शेतात मजूर होतो, हे तिथल्या लोकांनी भोगलंय.

त्याला बायफ या ग्रामविकास संस्थेची ‘वाडी’ बघायला सांगा. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरळी कांचनला ही संस्था काढली. 1982 मध्ये गुजरातेत वांसद्याला वाडीचा प्रयोग सुरू झाला, पुढे तो जव्हारलाही आला आणि नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेनंही उचलला. कुटुंबाच्या स्वतःच्या साधारण एकरभर जमिनीत आंब्या-काजूची कलमं, मधल्या जागेत त्यांचं नेहमीचं धान्य, बांधावर सरपणाची आणि चाऱ्याची झाडं. खड्डे घरचीच माणसं खणतात. कलम फळावर यायला चार-पाच वर्षं जातात. तोवर घरात काय शिजणार, पहिल्या उन्हाळ्यात रोपाला पाणी कोण घालणार, हे प्रश्न सोडवणं म्हणजे हे काम. त्याच्या वहीत या प्रश्नांना एकही रकाना नाही.

प्रवेशाचं सोपं आहे. सीईटीचेच गुण बी.एस्सी. कृषीला चालतात. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठं. मी पसंतीक्रमात दापोली वर लावीन, कारण कोकणातल्या उताराची आणि पावसाची शेती तिथे शिकायला मिळते. कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक.ही दापोलीला आहे. मृद्-जलसंधारण, म्हणजे माती आणि पाणी जागेवर अडवणं, त्यातच येतं, आणि मुलाला खरी गरज याचीच आहे. ‘आधी पाच वर्षं आयटीत नोकरी, मग शेती’ हा तोडगा मात्र सुचवू नका. पाच वर्षांनी त्याच्याकडे पैसे असतील, पण पाणी आणि माती यातलं त्याला आजच्याइतकंच कळत असेल.

फॉर्म भरून झाला की प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना चार दिवस काढा आणि दोघं जव्हारला जा. भातलावणीचे दिवस असतील. एखाद्या घरी उतरा, चिखलात उभे राहा आणि त्यालाच विचारू द्या, मार्चमध्ये पाणी कुठून आणता. उत्तर ऐकताना त्याच्या शेजारी तुम्ही हवे आहात. आटलेली विहीर कशी दिसते, हे तुम्ही पाहिलंय. त्यानं अजून नाही. जाताना एसटीत त्याला बैलांचं सांगा.