पराशय मोजायचाय? आधी चंद्र घ्या

पराशय म्हणजे दोन जागांवरून पाहिल्यावर वस्तू मागच्या ताऱ्यांसमोर जेवढ्या कोनाने सरकलेली दिसते तो कोन; त्यावरून अंतर काढता येतं. ताऱ्यांच्या मागे आत्ताच लागू नका. सूर्यानंतर सर्वात जवळच्या प्रॉक्झिमा ताऱ्याचा पराशयही जेमतेम ०.७७ विकला आहे (६० विकला = १ कला, ६० कला = १ अंश). मुंबई-नागपूर सरळ रेषेत सुमारे ६९० किमी. फाल्गुन-चैत्रातल्या शुद्ध अष्टमीला, तिन्हीसांजेनंतर चंद्र जवळपास डोक्यावर असताना, दोन्हीकडून एकाच क्षणी फोटो काढा. शेजारचा ठळक तारा चौकटीत हवाच. पौर्णिमा टाळा, तारा उजेडात बुडतो. दोन्ही फोटो विवरांवरून जुळवले की तारा सुमारे ६ कला सरकलेला दिसेल. माप चंद्राच्या व्यासावरून धरा. त्या रात्रीचा व्यास (कलांमध्ये) स्टेलारियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. मग चंद्राचं अंतर (किमी) = ६९० × ३४३८ ÷ तारा सरकला त्या कला (३४३८ म्हणजे एका रेडियनमधल्या कला). घड्याळं मात्र सेकंदापर्यंत जुळवा! चंद्र ताऱ्यांच्या तुलनेत मिनिटाला सुमारे अर्ध्या कलेपर्यंत सरकतो, म्हणजे मिनिटभराच्या चुकीने उत्तर आठ टक्क्यांपर्यंत बिघडतं.