मार्केट ‘व्होलाटाइल’ आहे म्हणजे पडलं का?

प्रश्न : ताई, आमची बिल्डिंग धोकादायक ठरली, रिडेव्हलपमेंटला जाणार. भाड्याच्या घराच्या डिपॉझिटसाठी मुलाला म्हटलं, शेअर्समधले थोडे पैसे काढ. तर म्हणतो, ‘‘बाबा, मार्केट सध्या व्होलाटाइल आहे.’’ म्हणजे बुडाले का? आणि बिल्डिंगलाही हाच शब्द चालेल का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : बुडाल्याचं तो बोललेला नाही, काका. आज दोन टक्के वर, उद्या तीन टक्के खाली, असे हेलकावे चाललेत, एवढंच. रोज थोडंथोडं घसरणारं मार्केट मंदीतलं खरं, पण फारसं व्होलाटाइल नाही. पेपरात ‘इंडिया विक्स’ म्हणून आकडा येतो. निफ्टी हा पन्नास बड्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक; त्याच्या ऑप्शन्सच्या, म्हणजे ठरल्या भावाने पुढे घेण्या-विकण्याच्या हक्कांच्या, भावांवरून तो आकडा काढतात. पुढच्या ३० दिवसांत निफ्टी किती हलेल अशी बाजाराची अटकळ आहे, ते त्यावरून कळतं. मार्च २०२०मध्ये तो ८०च्या वर गेला होता. निफ्टी चढेल की पडेल, ते मात्र विक्सला विचारू नका.

मूळ लॅटिन क्रियापद ‘उडणे’ या अर्थाचं. तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात लॅबला होते, तेव्हा हा शब्द रोज तोंडी असायचा. अ‍ॅसिटोन ५६ अंशांनाच उकळतो. काचेच्या बशीत थेंब टाकला की कडेकडेने आक्रसत बघताबघता नाहीसा होतो, आणि खालची काच बोटाला गार लागते. अशा द्रवाला पाठ्यपुस्तकात ‘बाष्पनशील’ म्हणतात. मार्केटला तो लावलात तर लोक हसतील. तिथे आपलं ‘अस्थिर’ बरं.

बिल्डिंगला व्होलाटाइल म्हणू नका. ती ‘अनसेफ’ किंवा ‘डिलॅपिडेटेड’, आणि डुगडुगणारी खुर्ची ‘रिकेटी’. आत्ता शांत नि घटकेत भडकेल ते व्होलाटाइल : दंगलीआधीचं वातावरण, रिडेव्हलपमेंटची जनरल बॉडी, काही सेक्रेटरीसुद्धा. कॉम्प्युटरची रॅमही त्यातलीच, वीज गेली की कोरी.

उच्चाराचं म्हणाल तर ब्रिटिश ‘व्हॉलटाइल’ म्हणतात, अमेरिकन ‘व्हॉलटल’. कुठलाही चालवा.

डिपॉझिटची तारीख मात्र मुलाला आजच सांगून ठेवा. ऐन वेळी मार्केट खाली असलं तर पडत्या भावात विकावं लागेल, आणि त्याला घाई नको असावी ती याचसाठी.