'एंडेमिक': स्थानिक की प्रदेशनिष्ठ?

प्रश्न असा आहे : दक्षिण अटलांटिकमधल्या ज्वालामुखी बेटांवरच्या पक्ष्यांविषयी मराठीत लिहिताना 'एंडेमिक'ला, म्हणजे जगात फक्त एकाच भागात आढळणाऱ्या जातीला, काय म्हणावं? विचारणाऱ्यांना 'स्थानिक' सोपा वाटतो आणि 'प्रदेशनिष्ठ' ओढूनताणून केलेला. पक्ष्याला कसली आली निष्ठा, असं त्यांचं म्हणणं.

आधी निष्ठेचं बघू. 'निष्ठ' हा 'नि' आणि 'स्था' यांतून आला आहे. त्याचा जुना अर्थ एखाद्या जागी असलेला, तिथे टेकलेला. इमान, श्रद्धा हा अर्थ त्यातूनच पुढे निघाला. 'वस्तुनिष्ठ प्रश्न' सोडवताना आपण वस्तूवर श्रद्धा ठेवत नाही, तसंच इथेही. शिवाय 'स्थानिक'सुद्धा त्याच 'स्था'च्या घरातला. तेव्हा व्युत्पत्ती काढून हा वाद मिटणार नाही, वापरच बघावा लागेल.

आणि वापरात 'स्थानिक' फार सैल आहे. स्थानिक आमदार, स्थानिक भाजी, स्थानिक वेळ. आज इथे आहे ते सगळं स्थानिक. एरवी हा सैलपणा खपतो, पण ज्वालामुखी बेटांवर अजिबात खपत नाही. ही बेटं समुद्राच्या तळातून वर येतात, खंडाला कधी जोडलेली नसतात, आणि जन्मतात ती उघडीबोडकी. तिथलं प्रत्येक झाड आणि प्रत्येक पाखरू कुठून तरी आलेलंच असतं. त्यामुळे कोण कसं आलं आणि येऊन त्याचं काय झालं, हे सांगायला वेगवेगळे शब्द लागतात.

आइसलँडच्या दक्षिणेचं सुर्टसी घ्या. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी हे बेट समुद्रातून वर येताना दिसलं आणि उद्रेक जून १९६७ पर्यंत चालला. १९६५ मध्येच किनाऱ्यावर पहिलं फुलझाड उगवलं, समुद्रातून वाहत आलेल्या बीपासून. पुढे कुरव पक्ष्यांची वसाहत झाली, त्यांच्या विष्ठेने माती सुपीक झाली आणि हिरवळ पसरली. हे सगळे जीव आपापले आले, म्हणून ते तिथले 'मूळचे'. ('देशी' हा शब्दही वापरतात, पण तो ऐकला की मला आधी गाय आठवते, नाहीतर दारू.) मात्र यातलं प्रदेशनिष्ठ एकही नाही. जे सुर्टसीवर आहे ते आइसलँडमध्ये किंवा इतरत्रही आहेच. साठ-सत्तर वर्षांत सहसा नवी जात घडत नाही. याच बेटावर एकदा टोमॅटोचं रोप सापडलं होतं. कुणा माणसाने तिथे शौच केलं होतं, त्यातून ते उगवलेलं. शास्त्रज्ञांनी ते लगेच उपटून टाकलं. ते रोप 'उपरं'. 'स्थानिक' म्हणायचं ठरवलं तर समुद्राने आणलेलं झाड आणि हा टोमॅटो एकाच पंगतीत बसतात.

आता मूळ प्रश्नातल्या बेटांकडे. त्रिस्तान द कुन्या हे नाव १५०६ मध्ये भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज दर्यावर्दीचं. (त्याचाच मुलगा नुनो पुढे गव्हर्नर झाला आणि १५३० मध्ये त्याने राजधानी कोचीहून गोव्याला आणली.) शेजारच्या इनॅक्सेसिबल बेटावर पाणकोंबडीच्या कुळातला एक इवलासा पक्षी राहतो, वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. न उडणाऱ्या हयात पक्ष्यांत जगात सर्वांत लहान तोच. डीएनएवरून असं दिसतं, की त्याचे पूर्वज सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेकडून आले. आले ते उडत. इथे भक्षक सस्तन प्राणी नव्हते, उडायची गरज उरली नाही. जगात दुसरीकडे हा पक्षी कुठेच नाही. हा खरा प्रदेशनिष्ठ.

दक्षिण अटलांटिकमधल्याच गॉफ बेटावर आणखी एक गुंता आहे. तिथले घरउंदीर एकोणिसाव्या शतकात जहाजांतून आले. आता ते इतर ठिकाणच्या घरउंदरांपेक्षा चांगलेच मोठे झालेत आणि अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. २०२१ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकून त्यांचा नायनाट करायचा प्रयत्न झाला, पण त्याच वर्षअखेरीस उंदीर पुन्हा दिसले. ते बदललेत खरे, पण तिथले होत नाहीत. ते उपरेच, वर आक्रमकही. टोमॅटो नुसता उपरा होता. 'आक्रमक' हे विशेषण नुकसान करणाऱ्यांसाठीच राखून ठेवावं. आणि त्रिस्तान अल्बट्रॉस? तो जवळजवळ फक्त गॉफवर वीण करतो, पण उरलेला काळ दक्षिण अटलांटिकभर फिरतो. त्याला मी 'विणीपुरता प्रदेशनिष्ठ' म्हणेन.

आता व्याकरण, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. 'नारकोंडमला प्रदेशनिष्ठ' ही रचना मला खटकते. शब्दात 'प्रदेश' आधीच बसलेला, वर पुन्हा बेटाचं नाव, आणि 'ला' तर सरळ इंग्रजीतून उचललेला. अंदमानातल्या नारकोंडम या जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या ज्वालामुखी बेटावरचा धनेश दुसरीकडे सापडत नाही. मग 'फक्त नारकोंडमवर आढळणारा धनेश' असं लिहावं, कुणाचं काही बिघडत नाही. 'प्रदेशनिष्ठ जाती' असा गट सांगायचा असेल तेव्हा तो शब्द चपखल बसतो. पण तेव्हाही प्रदेश कोणता ते सांगायला हवंच. शेकरू भारतापुरतं प्रदेशनिष्ठ आहे, महाराष्ट्रापुरतं नाही, आपला राज्यप्राणी असला तरी. बेटांपुरतंच लिहिणार असाल तर 'द्वीपनिष्ठ' करून बघा. मला तो आवडतो.

एक इशारा. साथरोगांच्या संदर्भात 'एंडेमिक'चा अर्थ वेगळा आहे : त्या भागात कायम मुक्काम ठोकून असलेला आजार. मलेरिया अनेक देशांत तसा आहे. त्याला 'प्रदेशनिष्ठ' म्हटलं तर तो जगात एकाच ठिकाणी होतो असं वाचणाऱ्याला वाटेल. तिथे 'या भागात कायम असणारा आजार' असं फोडूनच लिहावं.