'व्यावसायिक अंतराळवीर' म्हणजे नक्की कोण?

प्रश्न असा आला आहे: एका बातमीत 'व्यावसायिक अंतराळवीर' हे शब्द नासाच्या सेवेतल्या लोकांसाठी होते, दुसऱ्या बातमीत तेच शब्द कंपनीच्या यानातून पैसे भरून गेलेल्यांसाठी. यातलं बरोबर कोणतं? आणि तिकीट काढून जाऊन आलेल्याला 'वीर' का म्हणायचं?

मराठीच्या दृष्टीने दोन्ही बरोबर आहेत, आणि अडचण तीच आहे. 'व्यावसायिक' या एका शब्दावर आपण दोन कामं सोपवली आहेत. व्यावसायिक खेळाडू म्हणजे खेळ हाच ज्याचा पेशा. त्याच्या उलट हौशी. व्यावसायिक वापराची जागा म्हणजे धंद्यासाठीची. तिच्या उलट निवासी. रंगभूमीवर हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात. व्यावसायिक नाटकातला नट पेशाने नट असतो आणि नाटकही तिकीटबारीवर चालतं, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. अंतराळात मात्र या अर्थांची फारकत झाली. पेशाने अंतराळवीर असलेला माणूस बहुतेक वेळा सरकारी सेवेतला, आणि व्यावसायिक उड्डाणातून गेलेला पुष्कळदा निव्वळ हौशी! एकच विशेषण दोन विरुद्ध टोकांच्या माणसांना चिकटतं.

गंमत म्हणून तिसरा अर्थही पाहा. डिसेंबर १९९० मध्ये तोयोहिरो अकियामा हे जपानी पत्रकार सोव्हिएत सोयुझ यानातून मीर या अंतराळस्थानकावर गेले. पैसे त्यांच्या दूरचित्रवाणी कंपनीने भरले होते आणि ते तिथून बातम्या देत होते. म्हणजे यान सरकारी, व्यवहार धंद्याचा, आणि प्रवासी स्वतःच्या व्यवसायावर हजर. यांना व्यावसायिक म्हणायचं ते कोणत्या अर्थाने?

माझं मत असं की हे विशेषण माणसाला लावूच नये. ते उड्डाणाला लावावं, कारण बदल तिथे झाला आहे. 'खासगी कंपन्या आता अंतराळात उतरल्या' असं सर्रास लिहिलं जातं, तेही अर्धंच खरं. अपोलोचं चंद्रावर उतरणारं यान ग्रुमन या खासगी कंपनीनेच बांधलं होतं. फरक मालकीचा आहे. तेव्हा सरकार यान बांधून घेई, खर्च वाढला तर तोही सोसे आणि उड्डाणं स्वतः चालवी. २०११ मध्ये स्पेस शटल निवृत्त झालं आणि अमेरिकेला आपली माणसं वर पाठवायला रशियन सोयुझमधल्या जागा विकत घ्याव्या लागल्या. पुढे २०१४ मध्ये नासाने बोइंग आणि स्पेसएक्सशी ठरावीक रकमेचे करार केले: यान तुमचं, चालवायचं तुम्ही, आम्ही फेऱ्या विकत घेऊ. ३० मे २०२० रोजी डग हर्ली आणि बॉब बेन्कन स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनमधून निघाले ते अशा कराराखाली. यान कंपनीचं, पण दोघेही नासाचे. सरकार बाजूला झालेलं नाही. मालक होतं ते गिऱ्हाईक झालं.

'खासगी' हा शब्द इथे बरा वाटतो, पण त्यालाही घरगुतीपणाचा वास आहे. 'जरा खासगी बोलायचंय' म्हणताना आपण कंपनीचा विचार करत नाही. होळकरांच्या राज्यात 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन वेगळे हिशेब असत, एक घराण्याचा आणि एक राज्याचा. त्या जुन्या अर्थाने अमेरिकी उद्योजक जॅरेड आयझॅकमन यांनी स्वतः खर्च उचललेली २०२१ ची 'इन्स्पिरेशन४' ही मोहीम खरोखर खासगी. शुभांशु शुक्ला ज्यातून जून २०२५ मध्ये गेले ती ॲक्सिअम-४ मात्र तशी नव्हे. मोहीम कंपनीची, यान दुसऱ्या कंपनीचं, पण त्यांची जागा भारत सरकारने घेतलेली आणि ते स्वतः हवाई दलातले. त्यांना 'खासगी अंतराळवीर' म्हणणं साफ चूक आहे.

आता 'वीर'. ॲस्ट्रोनॉट म्हणजे ग्रीक मुळानुसार ताऱ्यांचा खलाशी, कॉस्मोनॉट म्हणजे विश्वाचा खलाशी. शौर्य दोन्हीकडे नाही, ते आपण घातलं. १९६१ मध्ये गागारिन यांच्यासाठी ते शोभलंही, कारण माणूस जिवंत परतेल की नाही याचीच शाश्वती नव्हती. मराठीत 'वीर' दानवीरात आदराने येतो आणि वाचाळवीरात चिमटा काढायला. अकरा मिनिटांत वर जाऊन परत येणाऱ्या फेरीला तो लावला की दुसरा सूर आपोआप लागतो. इस्रोने 'गगनयात्री' घेतला, तो मला म्हणूनच आवडतो.

'पर्यटक'ही सगळ्यांना मानवत नाही. २००१ मध्ये सुमारे २ कोटी डॉलर भरून गेलेल्या डेनिस टिटोंना जगाने पहिला अंतराळ पर्यटक म्हटलं. २००६ मध्ये गेलेल्या अनुशे अन्सारी यांनी मात्र ही ओळख नाकारली. महिनोन्‌महिने प्रशिक्षण घेतलेल्याला पर्यटक म्हणणं अन्यायाचं, हे पटण्यासारखं आहे. अमेरिकेच्या कायद्याने २००४ मध्ये यातून वाट काढली: काम करणारे ते 'चालकदल', बाकीचे 'उड्डाणातले सहभागी'. कायद्याला ठीक, बोलायला रुक्ष. तिथल्या विमानवाहतूक खात्याने २० जुलै २०२१ रोजी, म्हणजे जेफ बेझोस आपल्या रॉकेटमधून गेले त्याच दिवशी, अंतराळात जाऊन आलेल्यांना ते देत असलेल्या 'व्यावसायिक अंतराळवीर' या बिल्ल्याचे नियम कडक केले. नुसती उंची गाठून भागणार नाही, उड्डाणाच्या सुरक्षेत काही हातभारही हवा. त्या वर्षअखेरीस बिल्ला देणंच बंद झालं.

आपल्याकडे आगगाडीच्या आणि बोटीच्या प्रवाशाला 'उतारू' हा झकास शब्द आहे. तो इथे चालायला हरकत नाही, पण बातमीत कुणी छापेल असं वाटत नाही. तेव्हा 'अंतराळप्रवासी'.

तुमच्या बातम्यांपुरतं सांगायचं तर पहिलीत 'नासाचे अंतराळवीर' एवढंच पुरे, विशेषण हवंच कशाला? दुसरीत 'व्यावसायिक उड्डाणातले प्रवासी'. आणि पेगी व्हिटसन यांच्यासारखं कुणी असेल, म्हणजे नासातून निवृत्त होऊन कंपनीच्या मोहिमेचं नेतृत्व करणारं, तर 'कंपनीच्या अंतराळवीर' लिहा. त्या एकट्या व्यक्तीला 'व्यावसायिक' दोन्ही अर्थांनी लागू पडतं, म्हणून तिथे वापरलात तरी माझी तक्रार नाही.