कोकणातील सरकारी रुग्णालय आणि मस्क्युलोस्केलेटल फिजिओथेरपी

नमस्कार. मस्क्युलोस्केलेटल (स्नायू, हाडे व सांधे) विषयात एम.पी.टी. (फिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवी) झाल्यावर सिंधुदुर्गातील एका सरकारी रुग्णालयात आपल्याला कंत्राटी पद मिळत आहे. पुण्यातील खासगी क्लिनिकचा पर्यायही समोर आहे. सरकारी खात्यात यंत्राने ‘शेक आणि करंट’ देण्यापलीकडे काही उरणार नाही आणि शिकलेले गंजून जाईल, ही आपली शंका आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी सेवेत बरीच वर्षे हेच काम करत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या नेमणूकपत्रावर ‘फिजिओथेरपिस्ट’ एवढेच लिहिलेले असेल. तज्ज्ञतेची दखल तेथे कोणी घेणार नाही. पक्षाघाताचे रुग्ण, चेहऱ्याचा लकवा, सेरेब्रल पाल्सीची मुले आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशीची गर्दी हे सगळे आपल्याच दाराशी येईल. तरीही निम्म्याहून अधिक वेळ कंबर, गुडघा, खांदा आणि प्लॅस्टर काढल्यानंतरचे आखडलेले सांधे यांतच जातो, आणि तेथे आपल्या शिक्षणाचा कस लागतो. तो बहुतेक वेळा पहिल्याच भेटीत लागतो, कारण दुसरी भेट होईलच याची खात्री नसते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. पण रुग्णालयापर्यंत येण्याचा खर्च रुग्णाला चुकलेला नाही. डोंगरउतारावरच्या वाडीतून रस्त्यापर्यंत चालत यायचे, एसटीची वाट पाहायची, सोबत कोणाला तरी आणायचे आणि दोघांची दिवसाची मजुरी बुडवायची, हा हिशेब ज्या बाईला करावा लागतो तिला ‘रोज दहा दिवस या’ असे सांगणे म्हणजे ‘येऊ नका’ असे सांगण्यासारखेच आहे. म्हणून माझ्याकडे पहिल्या भेटीत यंत्राला हात लागत नाही. इतिहास, तपासणी, आजाराची समजूत आणि जास्तीत जास्त दोन व्यायाम, ते माझ्यासमोर करून दाखवल्यावरच रुग्ण उठतो. पुढची तारीख मी रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या न्यायला यायच्या दिवसाला जोडून देतो. त्यासाठी वेगळी फेरी पडत नाही आणि रुग्ण खरोखर येतो.

यंत्रे न वापरल्याबद्दल आपल्या मनात अपराधी भावना असू नये. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी अल्ट्रासाऊंड, टेन्स व आयएफटी (दोन्ही विजेच्या सौम्य प्रवाहाचे उपचार) आणि ट्रॅक्शन (कंबर ताणण्याचा उपचार) देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. रुग्ण मात्र शेकाची अपेक्षा धरूनच येतो, आणि शेक न देता पाठवले तर ‘काही केलेच नाही’ असे गावभर सांगतो. या अपेक्षेशी भांडण्यापेक्षा, व्यायाम करण्यापूर्वी घरी गरम पाण्याने कसे शेकायचे ते मी सांगतो. त्यामुळे दोघांचेही समाधान होते आणि तो पाठोपाठ व्यायामही करतो.

आता ज्याला मी खरी तज्ज्ञता म्हणतो त्याकडे वळतो. पावसाळ्यात भातशेतीत काम करणारा माणूस पोटऱ्या आणि कंबर असह्य दुखते म्हणून आला, तर प्रथम त्याला ताप आहे का ते विचारा, डोळे लाल आहेत का पाहा आणि लघवी कमी झाली आहे का याची चौकशी करा. कोकणात लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) दर पावसाळ्यात असतो आणि त्याची पोटरीदुखी ‘चिखलात राबून पाय भरून आले’ या तक्रारीत सहज लपून जाते. अशा रुग्णाला मसाज न करता त्याच घटकेला वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे न्यायचे असते. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात २०१६ पासून आढळणाऱ्या, जंगलातील गोचिडींमुळे होणाऱ्या माकडतापातही अंगदुखी प्रचंड असते, तेव्हा जंगलात किंवा काजूच्या बागेत जाणे झाले होते का हेही विचारावे. उन्हाळ्यात आंब्याच्या झाडावरून पडलेले येतात. टाचेच्या हाडाचे प्लॅस्टर निघाले म्हणून ज्याला आपल्याकडे पाठवले आहे त्याच्या मणक्यांवरूनही बोट फिरवून पाहावे, कारण उंचावरून पडून टाच मोडलेल्या सुमारे १० टक्के रुग्णांत कमरेचा मणकाही मोडलेला असतो आणि टाचेच्या वेदनेपुढे त्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. ट्रॉलरवरचा पंचविशीतला खलाशी पहाटे कंबरदुखीने जागा होत असेल, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेला राहत असेल आणि कामाला लागल्यावर त्याला बरे वाटत असेल, तर ते ओझ्याचे दुखणे नव्हे; अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसची (मणक्यांच्या सांध्यांना सूज येऊन ते आखडत जाण्याच्या आजाराची) शक्यता धरून डॉक्टरांना चिठ्ठी लिहा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी १०८ बोलावून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवावे लागते. सिंधुदुर्गातून ते गोव्यातील बांबोळी, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. पुण्यात असा रुग्ण आपल्यापर्यंत येण्यापूर्वी दोन-तीन डॉक्टरांच्या हातून गेलेला असतो. येथे कित्येकदा त्याला सर्वांत जास्त वेळ देणारे आपणच असता.

गणपतीच्या दिवसांत चाकरमानी मुंबईतून एमआरआयच्या फायली घेऊन येतात, आणि ‘गादी सरकली’ या दोन शब्दांनी धास्तावलेले असतात. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत चकती, म्हणजे हीच गादी, फुगलेली दिसली. हे आकडे मी फायलीवरच लिहून देतो. तोंडी धीरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो असे माझे मत आहे.

येथील कामाचे पंचांग समजून घेतल्याशिवाय व्यायाम लिहून देण्यात अर्थ नाही. लावणीच्या दिवसांत ‘वाकू नका’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण तरवा (भाताची रोपे) काढणे आणि लावणे वाकूनच होते. त्याऐवजी मे महिन्यापासूनच पाय आणि पाठ यांची ताकद हळूहळू वाढवणे, आणि प्रत्यक्ष लावणीत ठरावीक वेळाने उभे राहून कंबर मागे ताणणे, एवढे बायका मनापासून करतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. खलाशांच्या खांद्यांवर सलग काम करण्यासाठी वर्षात एवढीच सवड मिळते, म्हणून जुनाट खांदेदुखीवाल्यांना मी मेअखेरीसच तारखा देऊन ठेवतो. हात वर ओढण्याच्या व्यायामासाठी पुली विकत घेण्याची गरज नाही. पडवीच्या वाशावरून दोरी टाकली की काम भागते, आणि दोरीची गाठ त्यांना आपल्यापेक्षा चांगली बांधता येते. आखडलेल्या खांद्याच्या प्रत्येक रुग्णाची साखर मात्र तपासून घ्यावी. आपल्याला मधुमेह आहे हे काहींना खांद्यामुळेच कळते.

गंजण्याविषयी स्पष्टच सांगायचे तर खेळाडूंच्या दुखापती कमी मिळतील. कबड्डीत लिगामेंट तुटलेली मुले येतात, पण त्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्या शहरात झालेली असते आणि गुडघा पुरता आखडल्यावरच ती आपल्याकडे पोहोचतात. मॅन्युअल थेरपीची (हातांनी सांधे व स्नायू हलवून करायच्या उपचाराची) बारीक तंत्रे वापरायला पुरेसा वेळ क्वचितच मिळेल. ज्येष्ठ सहकारी शेजारी नसल्यामुळे अवघड रुग्णाची चर्चा फोनवरच करावी लागेल. मासिक अहवालात रुग्णांची संख्या मोजली जाते, कोण कामावर परतले हे नाही. म्हणून स्वतःची वेगळी वही ठेवा आणि प्रत्येकाला अडलेली कामे विचारून त्यांना शून्य ते दहा गुण लिहून घ्या. पुढे वरिष्ठांकडे जागा किंवा साहित्य मागताना ही वही उपयोगी पडते.

या सगळ्याचा विचार करता पहिली दोन-तीन वर्षे आपण येथे यावे असे मी सुचवेन. पुण्याचा पर्याय त्यानंतरही मिळू शकतो, निर्णय घेण्याचा हा सराव तेथे इतक्या लवकर मिळणार नाही. रुजू होण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांची ओपीडी कोणत्या वारी असते आणि ते पद भरलेले आहे का, याची चौकशी करा. फिजिओथेरपीची खोली जिना चढून जाण्याच्या जागी असेल, तर तळमजल्यावरील जागेची मागणी पहिल्याच आठवड्यात वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. फिजिओथेरपिस्टांच्या राज्य परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण तपासून घ्या. करार मुदतीचा असतो आणि मुदतवाढीचा आदेश हाती येईपर्यंत मानधन लांबू शकते, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या.