पांढरकवड्याकडच्या खेड्यात राहून, फक्त मोबाईलवर वंशसंहाराचा अभ्यास कसा सुरू करू?

आफ्रिकेतल्या रवांडात 1994 मध्ये हुतू कट्टरपंथीयांनी तुत्सी समाजाची कत्तल केली, ते एकच प्रकरण घ्या आणि निदान महिनाभर तिथून हलू नका. ज्यू, आर्मेनियन, कंबोडिया सगळं एकदम उघडलं की आकडे पाठ होतात अन् माणूस हरवतो. आधी संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या वंशसंहारविरोधी कराराचं कलम 2 वाचा. त्यात वंशसंहारात मोडणारी पाच कृत्यं दिली आहेत, पण कळीचा शब्द आहे ‘हेतू’, म्हणजे तो गट नष्ट करण्याचा इरादा. मग ओळखपत्राचा माग काढा: बेल्जियमच्या राजवटीत, 1930 च्या दशकात, कार्डावर हुतू, तुत्सी किंवा त्वा अशी समाजगटाची नोंद होऊ लागली, साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच एक ओळ बघून माणसं मारली गेली. रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळं’ म्हणत, तेही तारखेसह वहीत उतरवा. मानवी परिणाम खरा कळतो तो 2012 पर्यंत चाललेल्या गचाचा या गावपातळीवरच्या न्यायालयांतल्या साक्षींत: आपल्या पारावरच्या बैठकीसारखी, उघड्यावर गावासमोर सुनावणी, आणि मारणारा व वाचलेली बाई एकाच गावचे. अशा साक्षी दिवसाला एकच वाचा, जास्त वाचल्या की मन बधिर होतं. मात्र मृतांचा आकडा एकच धरू नका: संयुक्त राष्ट्रांच्या 1999 च्या चौकशी अहवालात सुमारे 8 लाख आहे, रवांडा सरकार 10 लाखांहून जास्त सांगतं. कोणाचा आकडा, ते शेजारी लिहा.