वाचक विचारतात: काळजी घेणाऱ्यांना पुरस्कार द्यायचा, पण कुणाला आणि कसा?

प्रश्न: आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपने यंदा घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्यांना आणि पगारी केअरगिव्हर्सना पुरस्कार द्यायचं ठरवलंय. अर्ज भरपूर आलेत पण समितीत वाद चाललाय, पुरस्कार एकच ठेवायचा की दोन, आणि निवडायचं कशावरून, कारण सगळ्यांनीच 'रात्रंदिवस सेवा केली' असं लिहिलंय. – समितीतली एक

उत्तर: दोन ठेवा, यावर अजून मीटिंगा नकोत. घरच्या माणसाला ड्युटी संपवून निघून जाता येत नाही, आणि पगारी मावशींचा पेशंट गेला की त्याच दिवशी त्यांचं कामही जातं. एका पट्टीने मोजायला जाल तर दोघांवर अन्याय.

आता निवड. 'रात्रंदिवस' वाचलं की मी जरा सावध होते, कारण आपण नकळत जो जास्त झिजला त्याला जास्त मार्क देतो, म्हणजे ज्याच्या मदतीला कुणी आलंच नाही तो पहिला. आणि जिने भावंडांना बसवून पाळ्या लावून घेतल्या, रात्रीसाठी माणूस ठेवला, स्वतःचं बीपी वेळेवर तपासलं, ती मागे राहते कारण तिच्या अर्जात रडू येण्यासारखं काही नसतं! खरं तर तिच्या पेशंटला जास्त चांगलं मिळतंय. म्हणून अर्जात बारीक प्रश्न घाला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळाने बदलता (साधारण दर दोन तासांनी सांगतात, पण गादी आणि कातडीची अवस्था बघून हे बदलतं), पाठीवरचा लालसरपणा पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आला, गोळ्यांची नोंद कुठे ठेवता, डिमेन्शिया झालेले बाबा तोच प्रश्न दहाव्यांदा विचारतात तेव्हा काय म्हणता. ज्याने खरंच केलंय तो यावर पानभर लिहील, बाकीचे दोन ओळीत आटपतील.

आणि नाव सुचवायचं कुणी? नर्सेससाठीचा डेझी अवॉर्ड अमेरिकेत सुरू झाला, त्यात पेशंट आणि नातेवाईकसुद्धा नर्सचं नाव सुचवतात, नेमकं काय घडलं ते लिहून. मला ही पद्धत आवडते. रेड क्रॉसचं फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक (1912 पासूनचं, दर दोन वर्षांनी, जास्तीत जास्त 50 जणांना) फार मोठं आहे पण ते नर्सिंगवाल्यांचं, तुमच्या अर्जदारांचं काम वेगळं. केअरगिव्हर पुरवणाऱ्या ब्युरोने स्वतःच्याच माणसाचं नाव पाठवलं असेल तर घरच्यांशी बोला, आणि पेशंट बोलू शकत असेल तर त्याच्याशी एकट्याशी. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच बहुतेक समित्या विसरतात.

प्रश्न: सासूबाईंचं डायपरपासून औषधापर्यंत सगळं मी करते, नवरा संध्याकाळी येऊन अर्धा तास बसतो. पुरस्कार मात्र 'आदर्श पुत्र' म्हणून त्याला जाहीर झाला. सगळे अभिनंदन करतायत आणि मला राग येतोय, माझं चुकतंय का? – सून

उत्तर: अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2018 चा रिपोर्ट सांगतो की जगात रोज 16.4 अब्ज तास बिनपगारी काळजीचं आणि घरचं काम होतं आणि त्यातले 76.2 टक्के तास बायकांचे असतात. तुमच्या घरचे तास त्यातच आले. नवऱ्याशी आधी बोला, भांडणाच्या सुरात नको, पण 'स्टेजवर जाशील तेव्हा काय बोलणार आहेस' एवढं नक्की विचारा. तो समजूतदार असेल तर स्वतःच आयोजकांना फोन करून दोघांची नावं घालायला लावेल. नसेल समजूतदार, तर ट्रॉफी त्याची आणि रविवार तुमचा, दर रविवारी सगळं त्याने करायचं, डायपरसकट. एक अजून, झॅरिट नावाची 22 प्रश्नांची प्रश्नावली असते, काळजी घेणाऱ्यावर किती भार पडलाय ते मोजायला, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. राग कुठून येतोय ते त्यांनाही कळू दे.

प्रश्न: आईला सांभाळणाऱ्या ताईंना आमच्यातर्फे मानपत्र द्यायचंय, आईसोबतचा फोटोही छापू. अजून काय करावं?

उत्तर: फोटोला आधी दोघींची परवानगी घ्या, आईला अंथरुणातला फोटो नको असेल तर नको. मग ताईंना आठवड्याची सुट्टी मिळते का ते बघा. घरकामगारांसाठीच्या 2011 च्या आंतरराष्ट्रीय करारात (क्रमांक 189) आठवड्यातून सलग 24 तास विश्रांती धरलीय आणि घरात राहून वृद्धांना सांभाळणारे पगारी लोकही त्यात येतात. ती मिळत नसेल तर मानपत्र थांबवा, सुट्टी आधी सुरू करा. आणि मानपत्रात 'घरच्यासारखी' लिहू नका, पगारवाढ मागताना तेच वाक्य त्यांच्या आड येतं. त्या काय काय करतात ते लिहा, तारखांसकट, पुढच्या कामाच्या ठिकाणी दाखवता येईल असं.